समर्थ रामदास : जांबचा नारायण, त्याच्या आख्यायिका आणि आजचे फँटसी गेम

जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यात जांब नावाचं गाव आहे. १६०८ साली रामनवमीला इथे सूर्याजीपंत ठोसर आणि राणूबाई यांच्या पोटी नारायणाचा जन्म झाला. पुढे महाराष्ट्र त्यांना समर्थ रामदास म्हणून ओळखू लागला. त्यांचं आयुष्य इतिहासात आहे, तसंच लोककथेतही आहे. आज फँटसी गेम खेळणाऱ्या मुलांना यातली लोककथा ओळखीची वाटेल.

या गेमची रचना कशी असते?

१९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा खेळ आणला. त्यात प्रत्येक खेळाडू एक पात्र घेतो. पात्र आपलं गाव सोडून निघतं, शक्ती कमावतं, सोबती जोडतं आणि संकटं पार करतं. एक जण डन्जन मास्टर होतो. तो समोर प्रसंग उभे करतो आणि निकाल फासे ठरवतात. पुढच्या अनेक व्हिडिओ गेमनी हाच साचा उचलला.

नारायणाचा प्रवास

वडील लहानपणीच गेले. परंपरा सांगते की बाराव्या वर्षी बोहल्यावर उभा असताना सावधान हा शब्द कानी पडला आणि नारायण मंडपातून पळाला. नाशिकजवळ टाकळीला त्यांनी बारा वर्षं तप केलं. त्यानंतर बारा वर्षं भारतभर पायी फिरले. १६४४ च्या सुमारास ते कृष्णाकाठी आले. १६४८ साली चाफळला राममंदिर उभं राहिलं. सातारा, सांगली आणि कोल्हापूर या आजच्या जिल्ह्यांत अकरा मारुती स्थापले गेले. कल्याण, वेणाबाई, अक्का असे शिष्य मिळाले. दासबोधाचे २० दशक आणि २०० समास याच काळातले.

परीक्षा कुणाची?

इथे कथा आणि गेम वेगळे होतात. गेममध्ये परीक्षा नायकाची असते. रामदासांच्या आख्यायिकांत ती शिष्याची असते. विहिरीवर आलेली फांदी तोडायला गुरूंनी अंबाजीला सांगितलं. ज्या फांदीवर बसायचं, तीच तोडायची होती. तो विहिरीत पडला, पण सुखरूप राहिला आणि त्याचं नाव कल्याण पडलं. दुसऱ्या कथेत गुरूंच्या पोटदुखीवर वाघिणीचं दूध आणायला शिवाजी महाराज जंगलात जातात.

म्हणजे रामदास इथे डन्जन मास्टरच्या जागी आहेत. फरक फाशांचा आहे. गेममध्ये फासा उलटा पडला तर शूर पात्रही मरतं. आख्यायिकेत विश्वास ठेवणारा हरत नाही, कारण ती श्रद्धा शिकवण्यासाठीच सांगितली जाते. त्यामुळे इतिहास म्हणून ती तपासावी लागते. शिवाजी महाराज आणि रामदासांची पहिली भेट परंपरा १६४९ ची मानते, तर अनेक अभ्यासक ती १६७२ ची मानतात.

घरी राहिलेली आई

गेममधला नायक सुरुवातीचं गाव सोडतो, तेव्हा मागे राहिलेल्यांचं काय झालं हे बहुतेक वेळा खेळाडू विचारत नाही. नारायणाच्या कथेत मात्र तो हिशोब येतो. मुलगा मंडपातून पळाला, त्याची किंमत राणूबाईंनी मोजली. चोवीस वर्षांनी रामदास जांबला दारात उभे राहिले, तेव्हा रडून रडून तिची दृष्टी गेली होती. कथा सांगते की त्यांनी डोळ्यांवरून हात फिरवला आणि तिला दिसू लागलं. ही कोणती भुताटकी शिकून आलास, असं आईनं विचारलं. त्यावर त्यांनी आपल्याला लागलेलं भूत म्हणजे रामच आहे, असं पदातून सांगितलं.

दृष्टी खरंच आली का, हे इतिहास सांगू शकत नाही. पण कथा सांगणाऱ्यांना आईला विसरून पुढे जाता आलं नाही, एवढं नक्की. १६८२ साली सज्जनगडावर रामदासांनी देह ठेवला. त्यांची समाधी तिथे आहे. त्यांच्या जन्मगावाला आजही लोक जांब समर्थ म्हणतात.