समुद्र घरात आणणारा निसर्गवेत्ता

बिदर जिल्ह्यातील चिटगुप्पा हे गाव दख्खनच्या पठारावर, किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर आत वसलेले आहे. तिथल्या एखाद्या घरात ड्वार्फ एंजलफिश पाळायचे ठरले, तर समुद्राचे पाणी वाहून नेण्याची गरज नाही. गाळून शुद्ध केलेल्या पाण्यात बाजारात मिळणारे समुद्री मीठ ठरल्या प्रमाणात विरघळवले की काम भागते. हणजूणच्या खडकांत ओहोटीला डबकी न्याहाळणाऱ्या गोमंतकीयाला याचे महत्त्व चटकन जाणवणार नाही. पण समुद्र ज्यांच्या वाट्याला आला नाही, त्यांच्या घरी तो नेण्याची वाट फिलिप हेन्री गॉस या इंग्रज निसर्गवेत्त्याने १८५४ मध्ये रुळवली.

गॉसचा जन्म ६ एप्रिल १८१० रोजी वूस्टर येथे झाला. वडील गावोगाव हिंडून लघुचित्रे रंगवणारे; घरात पैसा बेताचाच. बालपण पूल या बंदरात गेले आणि सतराव्या वर्षी हा मुलगा न्यूफाउंडलंडला एका व्यापारी पेढीवर कारकून म्हणून रवाना झाला. तिथे कीटकांचा नाद लागला. पुढे कॅनडात शेती केली, ती फसली. अलाबामात शाळामास्तरकी केली. १८४४ ते १८४६ जमैकात पक्षी जमवले. विद्यापीठाचे तोंड न पाहिलेला हा माणूस वडिलांकडून आलेल्या चित्रकलेच्या आणि अफाट चिकाटीच्या बळावर लेखक झाला.

१८४८ मध्ये त्याने एमिली बोज यांच्याशी विवाह केला. पुढच्याच वर्षी एडमंडचा जन्म झाला. अतिश्रमाने प्रकृती ढासळली, तेव्हा १८५२ मध्ये हे कुटुंब डेव्हनच्या किनाऱ्यावर राहायला गेले आणि गॉसच्या आयुष्याला निराळे वळण मिळाले. खडकांतील समुद्रफुले, शिंपले, खेकडे तो छिन्नी-हातोड्याने अलगद सोडवून आणी आणि काचेच्या भांड्यात जगवू पाही.

हा प्रयत्न करणारा तो पहिला नव्हता. सिसिलीत जान व्हिलप्रो-पॉवर यांनी १८३० च्या दशकातच सागरी जीव काचेच्या पेट्यांत ठेवून अभ्यासले होते. लंडनमध्ये ॲना थिन यांनी प्रवाळ जगवले. त्यासाठी त्यांची मोलकरीण पाण्यात हवा मिसळावी म्हणून ते उंचावरून पुन्हापुन्हा ओतत बसे. रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनज्ञाने वनस्पती व प्राणी यांचा समतोल साधला की पाणी वारंवार बदलावे लागत नाही, हे दाखवले. गॉसने ही सारी सूत्रे एकत्र आणली आणि सामान्य वाचकाला समजेल अशा भाषेत मांडली. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यालय उघडले, त्यासाठीही त्याने जीव पुरवले. १८५४ मधील त्याच्या पुस्तकाने तर ‘ॲक्वेरियम’ हा शब्दच रूढ केला.

त्याच वर्षी त्याने कृत्रिम समुद्रजल तयार केले. साध्या पाण्यात जेवणातले मीठ, एप्सम मीठ, मॅग्नेशियम क्लोराइड आणि पोटॅशियम क्लोराइड, एवढे चारच पदार्थ. साडेचार लिटर पाण्याला साधे मीठ सुमारे शंभर ग्रॅम, बाकीचे त्याहून पुष्कळच कमी. चुन्याचा अंश त्याने वगळला होता. त्यामुळे आजच्या प्रवाळांना हे पाणी मानवले नसते. पण त्याची खरी हुशारी पुढच्या पायरीत दिसते. त्या पाण्यात त्याने आधी शेवाळ सोडले, काही दिवस जाऊ दिले आणि मगच प्राणी सोडले. आज टाकी ‘पिकवणे’ म्हणतात ते याच धीराचे काम. सेंट्रोपायजी या वंशातले, बहुतेक बोटाएवढे ड्वार्फ एंजलफिश दिवसभर खडकावरचे शेवाळ टिपत फिरतात. नव्या, कोऱ्या टाकीत ते तग धरत नाहीत.

काचेवरचा कर १८४५ मध्ये उठला होता, रेल्वे किनाऱ्यापर्यंत पोचली होती. गॉसची पुस्तके हाती घेऊन हौशी मंडळी डेव्हनच्या खडकांवर लोटली. दिवाणखान्यात समुद्र ठेवणे ही प्रतिष्ठेची गोष्ट झाली. बहुतेकांच्या टाक्या लवकरच नासत आणि मग नवे जीव आणायला पुन्हा किनाऱ्यावर धाव. ही ओढाताण अजून संपलेली नाही. ड्वार्फ एंजलफिशची पिल्ले बंदिस्त पाण्यात वाढवणे एकविसाव्या शतकाच्या आरंभी कुठे जमू लागले, कारण त्यांच्या अळ्या अतिसूक्ष्म असतात. आजही दुकानात दिसणारे बहुतेक मासे प्रवाळखडकांवरूनच पकडून आणलेले असतात.

गॉसला १८५६ मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्यत्व मिळाले आणि पुढच्या फेब्रुवारीत एमिली कर्करोगाने गेली. त्याच वर्षी सृष्टीच्या उत्पत्तीविषयी लिहिलेल्या त्याच्या ग्रंथाची शास्त्रज्ञांनी आणि धर्मनिष्ठांनीही टर उडवली. पृथ्वी निर्माण होतानाच जुनी दिसेल अशी घडवली गेली, हा त्याचा युक्तिवाद कोणाच्याच पचनी पडला नाही. खचलेला गॉस आठ वर्षांच्या मुलाला घेऊन डेव्हनमधील सेंट मेरीचर्चला कायमचा राहायला गेला आणि ब्रिटिश समुद्रफुलांवरचा आपला सर्वांत भक्कम ग्रंथ त्याने तिथेच १८६० मध्ये पुरा केला. त्याच वर्षी त्याने दुसरा विवाह केला.

बापलेक गुडघाभर पाण्यात तासन्‌तास डबकी तपाशीत. जून १८५९ मध्ये नऊ वर्षांच्या एडमंडला एक इवलेसे समुद्रफूल सापडले. विज्ञानाला ते नवे असल्याचे वडिलांनी ओळखले. फिलिप गॉस २३ ऑगस्ट १८८८ रोजी वारला. एडमंड पुढे नामांकित समीक्षक झाला. १९०७ मध्ये लिहिलेल्या बालपणाच्या आठवणींत त्याने नमूद केले की, ती डबकी आता ओस पडली आहेत, वडिलांच्या पुस्तकांनी जागवलेल्या हौशीनेच ती लुटली गेली आणि ही गोष्ट वडिलांना फार सलली.