मूकपटांतील पहिली बालनायिका : कमलाबाई गोखले

ज्या काळी रंगभूमीवरील सीता नि द्रौपदी पुरुषच रंगवीत, त्या काळी घरंदाज स्त्रीने तोंडाला रंग लावणे म्हणजे कुळाला बट्टा लावणे, अशी लोकांची समजूत होती. दादासाहेब फाळके यांनाही तिचा अनुभव आला. १९१३ साली मुंबईत झळकलेल्या ‘राजा हरिश्चंद्र’ या त्यांच्या चित्रपटासाठी एकही स्त्री मिळेना. अखेर उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंके यांनी तारामतीची भूमिका केली.

ही कोंडी फोडली ती एका आईने व तिच्या मुलीने. पतीपासून विभक्त झालेल्या दुर्गाबाई कामत यांनी पोटासाठी नाटकाचा मार्ग धरला होता. १९०० साली जन्मलेली त्यांची कन्या कमला बालपणीच रंगमंचावर उभी राहिली. फाळक्यांच्या ‘मोहिनी भस्मासुर’ या दुसऱ्या चित्रपटात दुर्गाबाई पार्वती झाल्या आणि अवघ्या तेरा वर्षांची कमला मोहिनी झाली. पडद्याला वाचा नव्हती. नाटकात तारणारा गोड गळा येथे निरुपयोगी. जे सांगायचे ते डोळ्यांनी, मुद्रेने आणि हातांच्या हालचालींनी!

पुढे रघुनाथराव गोखले यांच्याशी त्यांचा विवाह झाला. परंतु ऐन तारुण्यातच वैधव्य आले. पदरी लहान मुले. त्या काळच्या विधवेने घराचा कोपरा धरावा, हीच रूढी. कमलाबाईंनी मात्र रंगभूमीच धरली. प्रसंगी पुरुषभूमिकाही केल्या आणि मुलांना वाढविले. त्यांपैकी चंद्रकांत नामवंत नट झाले, तर लालजी व सूर्यकांत तबलावादक झाले. नातू विक्रम गोखले यांनीही अभिनयात कीर्ती मिळविली.

कमलाबाईंची कारकीर्द मूकपटांपाशी थांबली नाही. बोलपटांतही त्यांनी कामे केली. १९८० सालच्या ‘गहराई’पर्यंत त्या पडद्यावर दिसत राहिल्या. त्यांच्या वृद्धापकाळी रीना मोहन यांनी त्यांच्यावर माहितीपट काढला. 

विद्यार्थिनींनो, शाळेच्या स्नेहसंमेलनात तुम्ही निःसंकोचपणे रंगमंचावर येता आणि तुमचे आईवडील पहिल्या रांगेत बसून कौतुकाने पाहतात. ही वाट आयती मिळालेली नाही. लोकनिंदा सोसून ती प्रथम चालणाऱ्यांत एक तेरा वर्षांची मुलगी होती, एवढे स्मरण आपण अवश्य ठेवावे.