काचेचे वारूळ

मुंगी ज्याने पाहिली नाही असा मनुष्य सापडणे कठीण. साखरेच्या डब्याभोवती, भिंतीच्या कडेने, अंगणातील फरशीच्या फटीतून ती नित्य दृष्टीस पडते आणि दृष्टीस पडताच बहुतेक जण तिला झटकून टाकतात. परंतु ह्याच क्षुद्र जीवाला मुद्दाम घरात आणून, त्याच्यासाठी घर बांधून, वर्षानुवर्षे त्याची जोपासना करणारा एक विद्वान गृहस्थ एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये होऊन गेला. तो लंडनमधील एका मोठ्या पेढीचा मालक होता. त्याचे नाव सर जॉन लबक.

जॉनचा जन्म ३० एप्रिल १८३४ रोजी लंडन येथे झाला. त्याचे वडील पेढी चालवीत आणि फावल्या वेळात गणित व खगोलशास्त्र यांचा व्यासंग करीत. १८४२ साली, जॉन आठ वर्षांचा असताना, एक मोठी आनंदाची वार्ता आणली आहे असे वडिलांनी त्याला सांगितले. आपल्याला आता एक तट्टू मिळणार, अशी जॉनची खात्री झाली. वार्ता निघाली ती एवढीच की, चार्ल्स डार्विन नावाचे निसर्गशास्त्रज्ञ जवळच्या डाउन गावी राहावयास येणार आहेत. मुलगा अगदी हिरमुसला. परंतु ते तट्टू त्याला जेथवर नेऊ शकले नसते, तेथवर ह्या शेजाऱ्याने त्याला नेले. जॉनची जिज्ञासा पाहून डार्विन यांनी त्याच्या वडिलांना त्याच्यासाठी सूक्ष्मदर्शक यंत्र घेण्यास सुचविले, आणि लहानसहान प्राण्यांकडे कसे पाहावे हेही शिकविले.

जॉनला शाळेत फार काळ राहता आले नाही. पेढीत माणसांची उणीव होती, म्हणून वयाच्या पंधराव्या वर्षाच्या सुमारास वडिलांनी त्याला शाळेतून काढून कामाला लावले. तरी त्याचे शिक्षण थांबले नाही. पेढीच्या कामातून उरलेला वेळ तो वाचनात आणि निरीक्षणात घालवी. चोविसाव्या वर्षी रॉयल सोसायटी ह्या विख्यात विद्वत्सभेने त्याला आपला सभासद करून घेतले.

पुढे केंट परगण्यातील हाय एल्म्स ह्या आपल्या घरी लबक यांनी मुंग्या पाळण्यास आरंभ केला. मातीच्या वारुळात काय चालते ते बाहेरून दिसत नाही आणि वारूळ खणले तर ते मोडून जाते. ह्या अडचणीवर त्यांनी सोपा उपाय शोधला. खिडकीच्या काचेचे दोन तुकडे त्यांनी एकमेकांवर अगदी थोड्या अंतराने बसविले, कडांना लाकडी पट्ट्या लावल्या, मधल्या जागेत ओलसर बारीक माती भरली आणि एका कोपऱ्यात येण्याजाण्यास वाट ठेवली. मुंग्यांना घरात उजेड खपत नाही, म्हणून वर झाकण ठेवले. अशी घरे त्यांनी एका खांबाला जोडलेल्या फळ्यांवर मांडली. खांबाच्या तळाशी सभोवार पाणी असल्यामुळे मुंग्यांना तेथून पळून जाता येईना. अन्न म्हणून मध ठेवावयाचा, माती कोरडी पडू द्यावयाची नाही आणि निरीक्षणापुरतेच झाकण उचलावयाचे, असा त्यांचा नेम होता.

त्या काळी शास्त्रज्ञांना एक कोडे पडले होते. नवे वारूळ कसे सुरू होते? पंख असलेली तरुण राणी उडून जाते, नंतर तिचे पंख गळतात, एवढे ठाऊक होते. पण पुढे काय? कोणी म्हणत, ती जुन्याच वारुळात आश्रय घेते. कोणी म्हणत, काही कामकरी मुंग्या तिला येऊन मिळतात. ती एकटीच संसार मांडते, असेही काहींचे मत होते. परंतु खात्रीचा पुरावा कोणाजवळच नव्हता.

ऑगस्ट १८७६ मध्ये लबक यांनी तांबूस रंगाच्या एका जातीच्या मुंग्यांच्या दोन जोड्या, राणी व नर, उडत असताना पकडल्या आणि ओलसर माती, अन्न व पाणी देऊन निराळ्या ठेवल्या. घरात एकही कामकरी मुंगी नव्हती. आणि नर तर पिलांच्या संगोपनास हात लावीत नाही. शरद ऋतू गेला, हिवाळा गेला, तरी काही घडेना. एखाद्याने कंटाळून ती घरे रिकामी केली असती. लबक यांनी माती ओली ठेवली आणि वाट पाहिली. वसंतात राणीने अंडी घातली. जूनमध्ये त्यांतून अळ्या निघाल्या. राणीने एकटीने त्यांना वाढविले, त्यांचे कोश झाले आणि जुलै १८७७ मध्ये पहिली कामकरी मुंगी बाहेर पडली. निदान ह्या जातीची राणी कोणाच्या मदतीवाचून वारूळ वसवू शकते, हे सिद्ध झाले. एका लहान प्रश्नाच्या उत्तराला जवळजवळ एक वर्ष लागले होते.

एकेक मुंगी ओळखू यावी म्हणून लबक तिच्या पाठीवर रंगाचा बारीकसा ठिपका देत. अशीच एक मुंगी अळ्या उचलून घरट्यात नेण्यात गुंतली असता त्यांना परगावी जावे लागले. निरीक्षण खंडित होऊ नये म्हणून त्यांनी तिला एका लहान बाटलीत ठेवले. सहा दिवसांनी परत येऊन त्यांनी तिला अळ्यांच्या ढिगावर सोडले. तिने लगेच एक अळी उचलली व सरळ घराची वाट धरली. आणि थोडी विश्रांती घेऊन ती दुसरी नेण्यास परत आली.

मुंग्या आपल्या घरची कोण आणि परकी कोण हे कसे ओळखतात? एखादी परवलीची खूण असावी काय? लबक यांनी काही मुंग्यांना मद्याने धुंद केले. अशा स्थितीत कोणतीही मुंगी खूण देऊ शकणार नाही, हे उघड होते. तरीही शुद्धीवरील मुंग्यांनी आपल्या घरच्या बहुतेक मुंग्यांना उचलून घरट्यात नेले आणि परक्यांना पाण्यात लोटले. ओळखीचे साधन शरीरावरील गंध हे आहे, असे पुढील शास्त्रज्ञांनी दाखवून दिले.

घरट्यावर रंगीत काचा ठेवल्या असता मुंग्या तांबड्या काचेखाली जमत व जांभळ्या काचेखालून निघून जात. इतकेच नव्हे, तर मनुष्याच्या डोळ्यांना न दिसणारे जांभळ्यापलीकडील किरणही त्यांना जाणवतात, हे लबक यांनी सिद्ध केले. त्यांनी मुंग्यांपुढे व्हायोलिनही वाजविले. मुंग्या ढिम्म हलल्या नाहीत. म्हणून त्या बहिऱ्या आहेत, असे मात्र त्यांनी ठरवून टाकले नाही. आपल्याला ऐकू न येणारे सूर त्यांना ऐकू येत असतील, अशी शंका त्यांनी मोकळी ठेवली.

मुंग्यांवर त्यांचा लोभ होता, तरी त्यांची खोटी स्तुती त्यांनी केली नाही. संकटात सापडलेल्या सोबतिणीजवळून इतर मुंग्या खुशाल निघून जातात, असे त्यांना अनेकदा दिसले. तेही त्यांनी टिपून ठेवले. एकदा मात्र जन्मतःच स्पृशा नसलेली एक पंगू मुंगी परक्या मुंगीच्या हल्ल्याने घायाळ होऊन पडली. तिच्या घरची एक मुंगी जवळ आली, तिने तिला तपासले आणि हळुवारपणे उचलून घरी नेले. ही हकीकतही त्याच वहीत उतरली. हे सारे श्रम त्यांनी १८८२ साली मुंग्या, मधमाश्या व गांधीलमाश्या यांवरील ग्रंथात प्रसिद्ध केले.

लबक हे पार्लमेंटचेही सभासद होते. १८७१ साली त्यांच्या खटपटीने पेढ्यांना ठरावीक सुट्या देणारा कायदा झाला आणि असंख्य श्रमिकांना विसाव्याचे दिवस मिळाले. दुकानांत राबणाऱ्या मुलांच्या कामाचे तास मर्यादित करण्यासाठी आणि प्राचीन स्मारकांच्या रक्षणासाठीही ते झटले.

डिसेंबर १८७४ मध्ये त्यांनी काळ्या जातीच्या दोन राण्या घरी आणल्या होत्या. मुंगी एखादे वर्षच जगते, असा तेव्हा सर्वसाधारण समज होता. त्यांतील एक राणी ऑगस्ट १८८८ मध्ये मरण पावली. तिचे वय सुमारे पंधरा वर्षांचे असावे. इतकी वर्षे कोणी तरी रोज तिची माती ओली ठेवली, म्हणूनच ही गोष्ट जगाला कळली.

१९०० साली लबक यांना लॉर्ड ॲव्हबरी ही पदवी मिळाली. २८ मे १९१३ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांची मुख्य साधने म्हणजे काचेचे दोन तुकडे, मूठभर माती, मधाचा थेंब आणि एक वही. ह्या वस्तू कोणत्याही घरात मिळतात. धीर मात्र ज्याचा त्यानेच आणावा लागतो.