सम्राट ज्युलियन आणि रोमचे जुने देव

रोमन साम्राज्याच्या ऱ्हासाची कारणे अभ्यासताना ख्रिस्ती धर्माच्या प्रसाराचा उल्लेख आपण वाचला असेल. अठराव्या शतकात गिबन या इतिहासकाराने या कारणाला बरेच महत्त्व दिले. जुने देव सोडल्यामुळेच साम्राज्य दुबळे होत आहे, ही समजूत मात्र त्याहून पुष्कळ जुनी आहे. चौथ्या शतकात एका सम्राटाने तिच्या आधारे राज्य चालवून पाहिले. तो सम्राट म्हणजे ज्युलियन.

ज्युलियनचा जन्म इ.स. 331 च्या सुमारास कॉन्स्टँटिनोपल येथे झाला. ख्रिस्ती धर्माला राजाश्रय देणारा कॉन्स्टंटाइन हा त्याचा सावत्र चुलता. 337 मध्ये कॉन्स्टंटाइनच्या मृत्यूनंतर सैनिकांनी ज्युलियनचे वडील व अनेक आप्त यांची हत्या केली. या हत्याकांडाचा दोष तो चुलतभाऊ सम्राट कॉन्स्टँशियस याला देत असे. तोच कॉन्स्टँशियस त्याला ख्रिस्ती शिक्षण देत होता, हे आपण ध्यानात ठेवावे. ग्रीक तत्त्वज्ञानाच्या व्यासंगातून ज्युलियन गुप्तपणे जुन्या देवांकडे वळला. पुढे गॉलमध्ये त्याने सेनापती म्हणून नाव मिळवले आणि 361 मध्ये तो सम्राट झाला.

त्याने मंदिरे उघडली, यज्ञबळी पुन्हा सुरू केले. ख्रिस्ती शिक्षकांना ग्रीक अभिजात ग्रंथ शिकवण्यास त्याने मनाई केली. त्याचा चाहता व स्वतः ख्रिस्ती नसलेला इतिहासकार अम्मियानुस यालाही हा हुकूम रुचला नाही. चर्चप्रमाणे गरिबांसाठी धर्मशाळा काढा, धान्य वाटा, असेही ज्युलियनने आपल्या पुरोहितांना बजावले. जुना धर्म जिवंत करण्यासाठी त्याला नव्या धर्माचीच रीत उचलावी लागली, हे विलक्षणच म्हणावे लागेल.

अँटिऑकजवळील डाफ्ने येथे अपोलोच्या उत्सवाला तो मोठ्या अपेक्षेने गेला. नगराने काहीच अर्पण केले नव्हते. पुजाऱ्याने तेवढा घरचा एक हंस आणला होता. त्याच सुमारास शहरात धान्यटंचाई होती. ज्युलियनने भाव ठरवून दिले, बाहेरून धान्य आणवले, पण सधनांनी ते स्वस्तात उचलले. उपाशी नगराला सम्राटाच्या वेदीवर कापले जाणारे बैल तेवढे दिसत राहिले.

आता ऱ्हासाच्या प्रश्नाकडे वळू. पश्चिमेकडील साम्राज्य 476 मध्ये कोसळले. तोच ख्रिस्ती धर्म मानणारे पूर्वेकडील साम्राज्य मात्र 1453 पर्यंत टिकले. तेव्हा केवळ धर्मांतराने पतनाचा उलगडा होत नाही. ज्युलियनचा शेवटही हेच दाखवतो. 363 मध्ये त्याने इराणवर स्वारी केली. टेसिफॉन हाती लागेना, तेव्हा रसदीची बहुतेक जहाजे त्याने स्वतःच जाळली. माघारीत 26 जून रोजी भाला लागून तो मरण पावला. अडकलेले सैन्य सोडवण्यासाठी त्याचा ख्रिस्ती वारस जोवियन याने निसिबिस हे सीमेवरील बळकट शहर इराणला दिले. कॉन्स्टँशियसच्या काळात याच शहराने राजा दुसरा शापूर याचे तीन वेढे परतवले होते. या वेळी तेथील नागरिकांना न लढताच घरे सोडून निघावे लागले.