लेकरांना लिहितं करणारे वानखेडे सर

विहाराची स्मरणिका निघते तेव्हा बाबासाहेबांवर लेख असतातच, आणि ते असायलाच पाहिजेत. पण बाबासाहेबांनी लावलेल्या झाडाला पाणी घालणारी माणसं आपण विसरतो. त्यातलेच एक डॉ. म. ना. वानखेडे सर. महाडपासून श्रीवर्धनच्या किनाऱ्यापर्यंत चवदार तळ्याची तारीख आपल्या पोराटोरांना पाठ आहे. सरांचं नाव विचारलं तर मात्र एकमेकांच्या तोंडाकडे बघतात.

सरांचा जन्म १९२४ चा. बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, जे कॉलेज काढलं ते मिलिंद महाविद्यालय. राजा मिलिंद प्रश्न विचारी आणि भन्ते नागसेन उत्तर देत, म्हणून त्या परिसराचं नाव नागसेनवन. तिथे सर इंग्रजी शिकवीत, पुढे प्राचार्यही झाले. मधल्या काळात अमेरिकेतल्या फ्लोरिडा विद्यापीठात वॉल्ट व्हिटमन या कवीवर अभ्यास करून त्यांनी डॉक्टरेट मिळवली. परदेशी पदवी घेऊन येणारे पुष्कळ असतात. सर येताना तिथल्या काळ्या लोकांचं वाङ्मय मनात घेऊन आले. गुलामांच्या नातवंडांनी आपली कहाणी स्वतः लिहिली, हे त्यांनी इथल्या पोरांना समजावलं.

यात मोठं काय, असं कुणी म्हणेल. आमचंच सांगतो. गिरणीत साच्यावर उभं राहून आम्हीही कविता जुळवायचो, आणि तीत गुलाब असायचा! घरात नाचणीची भाकर नि सुका जवळा, गुलाब कुठला? पण पुस्तकात तोच होता. आयेच्या डोक्यावरची पाटी कवितेत येऊ शकते हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. सरांचे लेख वाचले आणि त्या वह्या आम्ही चुलीत घातल्या.

लिहायला लावलं तरी छापणार कोण? म्हणून १९६७ साली नागसेनवनातून 'अस्मिता' हे त्रैमासिक निघालं. तेच पुढे 'अस्मितादर्श' झालं. प्रा. गंगाधर पानतावणे यांनी ते नेटाने चालवलं आणि खेड्यापाड्यातल्या नवख्या कवींना त्यात जागा मिळाली. १९७२ साली पँथर उभी राहिली तोवर आपली पोरं बिनधास्त लिहू लागली होती.

सर १९७८ साली गेले. वामन निंबाळकर आणि यशवंत मनोहर यांनी त्यांचे लेख एकत्र करून १९८१ साली 'दलितांचे विद्रोही वाङ्मय' हे पुस्तक काढलं. आमच्याकडची प्रत विहाराच्या कपाटात ठेवली आहे. शिवण सुटली आहे, जपून न्यावी. आणि वाचून परत आणावी.