कार्ल लिनियस

स्वीडन देशांत १७०७ सालीं एका धर्मोपदेशकाच्या घरीं कार्ल लिनियस ह्याचा जन्म झाला. लहानपणापासून त्यास फुलझाडांचा नाद होता. पुढें उप्साला विद्यापीठांत अध्यापक असतां १७५८ सालीं त्यानें ज्ञात प्राण्यांस दोन शब्दांचीं नांवें देऊन त्यांचे वर्ग पाडिले. माशाच्या अंगांत डोकें रोवून राहणारी, दोऱ्यासारखी ‘लर्निया’ त्यानें कृमींत गणिली. १७७८ सालीं तो निवर्तला. पुढील शतकांत विद्वानांनीं तशा जीवांच्या अंड्यांतून निघालेलीं पिलें सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिलीं, तों त्यांस सांधेदार अवयवांच्या तीन जोड्या! लर्निया खेकडा-कोळंबीच्या कवचधारी वर्गांतील ठरली. वर्ग बदलला, तरी लिनियसनें दिलेलें नांव आजहि कायम आहे. प्रौढ रूप फसवितें. बालरूप कूळ सांगतें.