सखी-समितीच्या स्वर्णकुमारी देवी

रवींद्रनाथ टागोरांना कोण ओळखत नाही? पण त्यांच्या थोरल्या बहिणीचे नाव मला फार उशिरा कळले. ते आपल्या भगिनींना कळावे म्हणून हे चार शब्द.

स्वर्णकुमारी देवी १८५५ साली कलकत्त्यास जन्मल्या. शिक्षण घरीच झाले. बारा-तेरा वर्षांच्या असताना जानकीनाथ घोषालांशी लग्न झाले. पतीने लेखनास उत्तेजन दिले. संसार सांभाळून त्यांनी ‘दीपनिर्वाण’ ही कादंबरी लिहिली. ती १८७६ साली प्रसिद्ध झाली. पुढे कविता, नाटके, शास्त्रविषयक लेखही लिहिले आणि १८८४ पासून कित्येक वर्षे ‘भारती’ मासिक चालविले.

मला मात्र त्यांची सखी-समिती अधिक जवळची वाटते. निराधार विधवांना व अनाथ मुलींना शिकवून स्वतःच्या पायांवर उभे करावे म्हणून ती १८८६ साली निघाली. नुसत्या वर्गणीने भागेना, तेव्हा त्यांनी हस्तकलेच्या वस्तूंची बायकांसाठी जत्रा भरविली.

१९२७ साली कलकत्ता विद्यापीठाने त्यांना जगत्तारिणी सुवर्णपदक दिले. १९३२ साली त्या वारल्या.

मंडळाची वर्गणी मागताना मला फार संकोच वाटे. आता त्यांचे स्मरण करते आणि कडी वाजवते.